वाटीभर स्ट्रॉबेरी म्हणजे नक्की किती ग्रॅम? फळांच्या मापाचे नेहमीचे प्रश्न

माझं माहेर सातारा आणि सासर सांगली, त्यामुळं डिसेंबर उजाडला की तिकडनं स्ट्रॉबेरी येते आणि फेब्रुवारीत इकडनं द्राक्षं जातात, आणि दोन्हीकडच्या फॅमिली ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, रेसिपीत दोन कप लिहिलंय आणि मी आणलंय अर्धा किलो, आता काय करू. प्रत्येकाला वेगवेगळं टाईप करून कंटाळा आला म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. आकडे फळ साफ केल्यानंतरचे आहेत, वेगळं असेल तिथं सांगितलंय.

एक कप म्हणजे किती? माझ्याकडं तर चहाचा कप आहे.

चहाचा कप विसरा. रेसिपीतला कप हे ठरलेलं माप आहे, पण गंमत अशी की ते प्रत्येक देशात वेगळं ठरलंय. अमेरिकन कप साधारण २४० मिली (काटेकोर धरलं तर २३६.६), ऑस्ट्रेलियातला २५०, जपानचा २०० आणि जुन्या इंग्लिश पुस्तकांतला २८४ मिली. आपल्याकडं ऑनलाइन जे मापाचे प्लास्टिकचे कप मिळतात ते २४० किंवा २५० चे असतात, बुडाशी नाहीतर दांड्यावर छापलेलं असतं, एकदा बघून घ्या. २४० आणि २५० मधला फरक फळाला काही जाणवत नाही, उगाच जीवाला घोर लावून घेऊ नका. २०० आणि २८४ मधला मात्र जाणवतो. खाली मी सगळीकडं २४० चा कप धरलाय.

आणि वाटी?

वाटी म्हणजे ज्याची त्याची वाटी. माझ्याकडची आमटीची वाटी १६० मिलीची भरली, जाऊबाईंकडची १८० ची, आणि आईकडची जुनी पितळी कल्हईची वाटी २१० ची निघाली तेव्हा आम्हाला कळलं की तिचा शिरा आमच्यापेक्षा जास्त का व्हायचा. तुमची वाटी मोजायला पाच मिनिटं लागतात. काट्यावर रिकामी वाटी ठेवा, शून्य करा, काठोकाठ पाणी भरा, जेवढे ग्रॅम तेवढे मिली, कारण पाण्याचा एक मिली म्हणजे एक ग्रॅम. काटा नसेल तर कफ सिरपच्या बाटलीवरचं मापाचं टोपण असतंच घरात, त्यानं ओतत बसा, किंवा लिटरच्या बाटलीतलं पाणी किती वाट्यांत संपतं ते बघा. मग मार्करनं वाटीच्या बुडाला आकडा लिहून टाका. माझ्या सासूबाई पहिल्यांदा हसल्या होत्या, आता स्वतःच 'ती एकशेसाठवाली दे गं' म्हणतात.

माझी १६० ची वाटी म्हणजे कपाचे दोन तृतीयांश, म्हणून दीड वाटी बरोबर एक कप, असला हिशोब जमला की बरं वाटतं.

कपात २४० मिली पाणी मावतं तर २४० ग्रॅम स्ट्रॉबेरी का मावत नाही?

हा प्रश्न भाच्यानं विचारला होता आणि सगळ्या पानाचं मूळ यातच आहे. फळ स्वतः पाण्याइतकंच जड असतं, थोडं इकडं तिकडं. (द्राक्ष पाण्यात बुडतं, सफरचंद तरंगतं कारण त्याच्या आकाराचा जवळजवळ चौथा हिस्सा हवाच असते.) पण कपात फळ टाकलं की मधे फटी राहतात. गोल वस्तू कशाही ओतल्या तर भांड्याचा साधारण ६४ टक्केच भाग त्या व्यापतात, बाकी हवा. २४० चे ६४ टक्के काढा, १५० च्या आसपास येतात, आणि द्राक्षाचा कप भरतो १५१ ग्रॅम! मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता, कारण मग आकडे पाठ करायची गरजच उरत नाही. अख्खं गोल फळ असेल तर कपाला दीडशे धरा, चिरलं की फटी भरतात म्हणून वजन वाढतं, आणि मिक्सरला फिरवलं की फटी संपल्या, ते पाण्याच्या जवळ जातं.

स्ट्रॉबेरीचंच बघा: अख्खी १४४ ग्रॅम, अर्ध्या केलेल्या १५२, चकत्या १६६, प्युरी २३२. फळ तेच, कप तोच, आणि वजनात जवळपास ९० ग्रॅमचा फरक.

मग 'एक कप चिरलेली स्ट्रॉबेरी' आणि 'एक कप स्ट्रॉबेरी, चिरून' यात फरक आहे का?

आहे! पहिल्यात आधी चिरायचं मग मोजायचं, दुसऱ्यात आधी मोजायचं मग चिरायचं. मी नवीन लग्न झालेलं तेव्हा पहिला जॅम केला, त्यात हे कळलं नव्हतं, शिवाय साखर पण कपानं घातली, फळाला कपास कप, आणि जे झालं ते ब्रेडला लावायला नाही तर चाटायला पण जड जात होतं. सासरे म्हणाले चांगलं झालंय, आणि दुसऱ्या दिवशी बरणीला कुणी हात लावेना.

आता कळतं काय झालं ते. साखरेचा कप २०० ग्रॅमचा. अख्ख्या स्ट्रॉबेरीचा १४४ चा. म्हणजे कपास कप घेतलं तर फळाच्या जवळपास १.४ पट साखर पडते, चकत्यांचा कप धरला तर १.२ पट, आणि प्युरीचा धरला तर उलट साखरच फळापेक्षा कमी. वजनानं करा, भानगडच नाही. एक किलो साफ केलेल्या फळाच्या चकत्या साधारण सहा कप होतात आणि एक किलो साखर पाच कप, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. मी स्वतः किलोला ७०० ग्रॅम साखर आणि दोन लिंबं घेते, पण मग फ्रीजमध्ये ठेवते, बाहेर टिकवायचा असेल तर साखर कमी करू नका.

जाता जाता, दुकानातल्या बरणीवर वाचत असाल तर, आपल्या अन्न नियमात जॅममध्ये फळ वजनानं किमान ४५ टक्के हवं असं आहे, पण स्ट्रॉबेरी आणि रासबेरीला सूट आहे, त्यांना २५ टक्के चालतं. म्हणून घरच्या जॅमची चव वेगळी लागते, त्यात आपला काही मोठा हात नाही.

बाकीच्या फळांचे आकडे एकदाचे देऊन टाका ना.

घ्या. एका कपाला, ग्रॅममध्ये:

द्राक्षं (बिनबियांची, अख्खी) १५१. डाळिंबाचे दाणे १७४. आंब्याच्या फोडी १६५, पेरूच्या पण तेवढ्याच, अननसाच्या पण. पपईच्या मोठ्या फोडी १४५, कुस्करलेली पपई २३०. केळ्याच्या चकत्या १५०, कुस्करलेलं केळं २२५. सफरचंदाच्या फोडी १२५ (ती हवा). तुती १४०, रासबेरी १२३ कारण ती आतनं पोकळ असते. जांभळं बियांसकट १३५. सीताफळाचा गर २५० म्हणजे पाण्यापेक्षा पण जास्त, चिकूचा गर २४०. लिंबाचा, संत्र्याचा रस २४५ च्या आसपास, रस म्हणजे पाणीच धरा.

दहा ग्रॅम इकडं तिकडं होणारच. तुम्ही कप ओट्यावर आपटला की पाच ग्रॅम जास्त मावतं, करून बघा. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण म्हणून प्रत्येक स्ट्रॉबेरी एका आकाराची येत नाही, नोव्हेंबरच्या शेवटी पहिल्या तोड्याला मोठी असते आणि मार्चमध्ये बोराएवढी, आणि बारीक फळ कपात जास्त दाटून बसतं.

अर्धा किलो स्ट्रॉबेरी आणली, किती वाट्या होतील?

देठं काढली की शेकडा सहा जातं, म्हणजे ४७० ग्रॅम हातात. चकत्यांच्या कपाला १६६ धरले तर पावणेतीन कपांपेक्षा जरा जास्त. माझ्या १६० च्या वाटीनं सव्वाचार. २०० ग्रॅमचं जे प्लास्टिकचं छोटं पनेट मिळतं ते चिरल्यावर एक कप आणि वर दोन चमचे एवढं भरतं. हा, यात मुलांनी चिरताना पळवलेली धरलेली नाही.

आणि घाटात रस्त्याकडेला बॉक्स घेत असाल तर एक सांगते, 'किलोचा बॉक्स' म्हणून घेतलेला मी घरी येऊन मोजला होता, पुठ्ठा आणि खालचा पाला धरून किलो होता, फळ ८४० ग्रॅम. वर मोठी, खाली बारीक, ते वेगळंच. कोण होता काय माहीत, गाडी पुढं निघून गेलेली. तेव्हापासून रेसिपीला लागणारं असेल तर दोनशे ग्रॅम जास्तच घेते.

अमेरिकन व्हिडिओत 'एक पिंट स्ट्रॉबेरी' म्हणतात, ते काय?

ते त्यांचं खोक्याचं माप. त्यात पण दोन पिंट आहेत, पातळ पदार्थाचा ४७३ मिलीचा आणि कोरड्या मालाचा ५५१ मिलीचा, आणि ब्रिटनचा तिसराच ५६८ चा. स्ट्रॉबेरीला कोरडा धरायचा, त्यात ३५० ग्रॅमच्या आसपास फळ बसतं. म्हणजे आपली दोन पनेटं आणा, थोडी खायला उरतील. पाउंड म्हणाले तर ४५४ ग्रॅम. औंस म्हणाले तर थांबा आणि बघा कुठला औंस, वजनाचा असेल तर २८ ग्रॅम, फ्लुइड असेल तर साडेएकोणतीस मिली, दिसायला सारखे पण एक वजन आहे आणि एक माप.

द्राक्षाऐवजी बेदाणे घातले तर किती घालू?

सांगलीत राहून हा प्रश्न रोजचा आहे, कारण तासगावकडचं कुणी ना कुणी पिशवी आणून देतंच. साधारण चार किलो द्राक्षं वाळली की एक किलो बेदाणा होतो, म्हणजे गोडीच्या हिशोबानं एक कप द्राक्षाला (१५१ ग्रॅम) ३५ ते ४० ग्रॅम बेदाणे, चार मोठे चमचे भरतील. पण गोडीपुरतंच हं, गेलेलं पाणी तुम्हाला वेगळं घालावं लागणार, नाहीतर केक कोरडा होतो.

बेदाण्याचा कप सुटा भरला तर १४५, बोटानं दाबून भरला तर १६५. भिजवल्यावर मोजला तर काहीच सांगता येत नाही, किती वेळ भिजला त्यावर. म्हणून बेदाणे कायम कोरडे असताना वजन करा आणि मग भिजवा. जुनी एक गोष्ट, चिकट झालेला बेदाणा कपात गोळा होऊन बसतो, त्याला थोडं पीठ चोळलं की सुटा होतो आणि केकमध्ये पण खाली बसत नाही म्हणतात, माझा तरी अधनंमधनं बसतोच.

डाळिंब सोलून किती निघतं?

निम्मं धरा. आटपाडीकडचं भगवं डाळिंब अडीचशे ग्रॅमचं असलं तर सव्वाशे ते एकशेचाळीस ग्रॅम दाणे, म्हणजे पाऊण कप. एक कप दाणे हवे असतील तर एक मोठं किंवा दीड मध्यम. दाणे काढताना वाटीत पाणी घेता ना, ते निथळून मग मोजा, ओले दाणे वजनात खोटं बोलतात.

बाकी फळांचं थोडक्यात: अननस निम्म्याला निम्मं, केळ्याचं साल तिसऱ्या हिश्शापेक्षा जरा जास्त, हापूसचा रस मी मोजला तेव्हा फळाच्या ५५ टक्क्यांच्या आसपास निघाला, पायरीचा थोडा जास्त. फणसाचं विचारू नका, त्याच्यात गऱ्यांपेक्षा चारखंडच जास्त.

आमरसाचा डबा ८५० ग्रॅमचा आहे, किती कप?

साडेतीन. पण डब्याच्या रसात बऱ्याचदा साखर असते, त्यामुळं घरच्या रसाऐवजी तो घालताना आधी चाखा आणि मग साखर हातात घ्या.

फ्रीजरमधली स्ट्रॉबेरी कशी मोजायची?

गोठलेलीच मोजा. गोठलेला कप १४९ ग्रॅमचा असतो, तोच वितळल्यावर मऊ पडून खाली बसतो आणि कपात २२१ ग्रॅम मावतं. रेसिपीत दोन कप असेल आणि तुम्ही वितळवून दोन कप भरले तर जवळजवळ दीडपट फळ जाणार. आणि वितळताना सुटलेलं लाल पाणी फेकू नका, ते पण फळच आहे, वजनात धरलेलं आहे.

मी जानेवारीत भाव उतरला की पुसून, ताटात सुट्या गोठवून, ३०० ग्रॅमच्या पिशव्या करून ठेवते आणि पिशवीवर ग्रॅम लिहिते. वाट्या लिहीत नाही. एकदा 'तीन वाट्या' लिहून ठेवलेलं आणि सहा महिन्यांनी आठवेना कुठली वाटी.

पाण्यात बुडवून मोजायचं असतं असं शाळेत शिकलोय, ते चालेल का?

ते बरोबर आहे पण ते उत्तर दुसऱ्या प्रश्नाचं आहे. मापाच्या जगमध्ये २५० पर्यंत पाणी घ्या, द्राक्षं टाका, पाणी ४०० वर आलं तर द्राक्षांचं खरं आकारमान १५० मिली. पण रेसिपीतला कप फटींसकटचा असतो, त्यामुळं हे १५० म्हणजे जवळपास पूर्ण एक कप द्राक्षं झाली, अर्ध्या कपाच्या वरची नाही. काटा नसेल तेव्हा मात्र ही युक्ती भारी आहे, कारण चढलेले मिली म्हणजेच जवळजवळ ग्रॅम. द्राक्षं, जांभळं, आवळे यांना चालतं. स्ट्रॉबेरी तरंगते, तिला चमच्यानं दाबून धरावं लागतं आणि तेवढ्यात मांजर येतं.

काटा कुठला घेऊ?

पाच किलोपर्यंतचा साधा डिजिटल. दोन गोष्टी बघा, एक म्हणजे शून्य करायचं बटण, ज्याला टेअर म्हणतात, आणि दुसरी, तो किती वेळात आपोआप बंद होतो. माझा पहिला काटा दीड मिनिटात झोपायचा, मी अर्धी स्ट्रॉबेरी चिरून टाकलेली असायची आणि परत चालू केला की भांड्यासकट शून्य! न उघडलेली मिठाची किलोची पुडी ठेवून तपासून घ्या, हजारच्या वर दोन-चार ग्रॅम पिशवीचे यायला पाहिजेत. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीनं तपासाल तर ती ५०० नाही दाखवणार, ५१५ च्या पुढं दाखवेल, दूध पाण्यापेक्षा जड असतं, काटा बिघडलेला नाही.

चमच्यांचं काय?

मोठा चमचा १५ मिली, छोटा ५. घरातला पोह्याचा चमचा यातला कुठलाच नाही. मध्यम लिंबातनं साधारण एक मोठा चमचा रस निघतो, उन्हाळ्यातली सुकलेली लिंबं असली तर दोन लागतात आणि भाव पण तेव्हाच वाढलेला असतो.

माप बरोबर घेतलं तरी महाबळेश्वरला मावशीकडं जॅम वेगळा होतो, असं का?

माप नाही, उंची. थर्मामीटर लावून करत असाल तर समुद्रसपाटीला जॅम १०४-१०५ अंशाला होतो. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, तिथं पाणीच ९५-९६ ला उकळतं, त्यामुळं जॅम शंभरच्या आसपास झालेला असतो आणि मावशी १०५ ची वाट बघत आटवत बसली की त्याची चिक्की होते. जिथं असाल तिथं आधी साधं पाणी उकळून थर्मामीटर बघा, त्यात साडेचार मिळवा. सांगलीत पाणी ९८ ला उकळतं, म्हणजे १०२-१०३ ला गॅस बंद. थर्मामीटर नसेल तर गार बशीत थेंब टाकून बोटानं सारून बघायचं, त्याला उंची लागत नाही.

आजीच्या वहीत 'मापटंभर करवंदं, चिपटंभर गूळ' लिहिलंय, ते ग्रॅममध्ये कसं करू?

करूच नका. जुना हिशोब असा: दोन निळवी म्हणजे कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर आणि चार शेर म्हणजे पायली. शेरापर्यंत सगळं दुपटीनं जातं. म्हणजे आजीनं फक्त एवढं सांगितलंय की करवंदं दोन भाग, गूळ एक भाग. तुमची कुठलीही एक वाटी घ्या, दोन वाट्या करवंदं, एक वाटी गूळ, झालं. मात्र गूळ किसून भरायचा का खडे, ते आजीनं लिहिलेलं नसतं, आमच्याकडं किसून हलका दाबून भरतात.

गोंधळ होतो तो 'शेर' शब्दावर, कारण वजनाचा शेर वेगळा होता, ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम, आणि धान्य मोजायचा शेर म्हणजे भांडं, आणि ते गावोगाव वेगळं. १९५६ चा कायदा झाला आणि १९५८ पासून किलो-ग्रॅम यायला लागले, तरी वहीत दोन्ही शेर सुखानं नांदतात. पदार्थ वजनानं विकत आणायचा असेल तर वजनाचा शेर, घरातलं मोजायचं असेल तर भांड्याचा, मी तरी असंच धरते.

आमचं मापटं अजून आहे. मध्ये मी त्यात पाणी ओतून मोजायला घेतलं तर खालनं गळायला लागलं, आता त्यात शिवणाची बटणं असतात.